नागदेवाचार्य : देव निघून गेल्यानंतर

शेलूबाजारच्या बसथांब्याजवळ माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. सातबारा, आधार कार्ड, पीकविम्याचे फॉर्म, बारावीच्या पोरांच्या नोट्स, हा माझा रोजचा धंदा. सतरा-अठरा वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी जवळच्या खेड्यातल्या एक आजी दुकानात आल्या. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले एक जुने पुस्तक काढले आणि म्हणाल्या, "हे अक्षर मोठं करून दे बाबू. पोरगा वाचून दाखवते, पण आता त्याले चष्म्यातूनही दिसत नाही."

मी एकेक पान काचेवर ठेवू लागलो. एका पानाचा कोपरा फाटला होता. ओळ कुठून कुठे जाते ते कळेना, म्हणून मी ती मोठ्याने वाचून पाहिली. भाषा जुनी, मी अडखळलो. मागून आजींनी ती ओळ पूर्ण केली, पुढच्या दोन-तीन ओळीही म्हटल्या. मी विचारले, "आजी, तुम्हाला वाचता येते?" तर म्हणाल्या, "अक्षरं नाही येत मले. ऐकू येते ना!"

ते पुस्तक म्हणजे 'स्मृतिस्थळ'. महानुभाव पंथाचे पहिले आचार्य नागदेव ऊर्फ भटोबास यांच्या आठवणींचा ग्रंथ. आजी महानुभाव घरातल्या होत्या. मी त्या पंथाचा नाही, आणि माझे शिक्षण बारावी कॉमर्स. पण त्या दिवशी गिऱ्हाइकासाठी एक आणि स्वतःसाठी एक अशा दोन प्रती काढल्या आणि तेव्हापासून नागदेवाचार्यांच्या मागे लागलो. या लेखात जे मांडतो आहे ते त्या सतरा-अठरा वर्षांतले वाचन, रिद्धपूरच्या काही खेपा, आणि आजींनी वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्या यांतून आलेले आहे.

नागदेवांकडे मी वळलो तो सरळ रस्त्याने, पण त्यांचे वेगळेपण कळले ते मात्र फार लांबच्या वळशाने. अमरावतीला जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक इंग्रजी पुस्तक मिळाले, तीन बायझंटाईन संतांची चरित्रे. एलिझाबेथ डॉज आणि नॉर्मन बेन्स यांनी 1948 साली ग्रीकमधून इंग्रजीत आणलेली. बायझंटाईन म्हणजे पूर्वेकडचे रोमन साम्राज्य. राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. 1453 मध्ये ते तुर्कांच्या हाती पडेपर्यंत टिकलेले. शब्दकोश जवळ घेऊन ते पुस्तक वाचायला मला आठ महिने लागले. त्या तिघांपैकी दोघे बिशप होते. 'बिशप' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ 'वरून लक्ष ठेवणारा' असा आहे. आपला 'अध्यक्ष' शब्दही तसाच बनलेला, अधि आणि अक्षि मिळून. तिकडे तो धर्मपद झाला, आपल्याकडे साहित्य संमेलनापासून पतसंस्थेपर्यंत सगळीकडे गेला.

त्यातला पहिला थिओडोर. आजच्या तुर्कस्तानातल्या सिकिऑन नावाच्या गावी, राजमार्गावरच्या एका सराईत जन्मलेला. आई, मावशी आणि आजी ती सराई चालवीत आणि देहविक्रय करीत. चरित्रकार हे लपवीत नाही. (समृद्धी महामार्गाच्या फाट्यावर राहणाऱ्या माणसाला राजमार्गावरच्या सराईची गोष्ट लवकर समजते.) लोकांनी थिओडोरला आग्रहाने बिशप केले. अकरा वर्षे त्याने ते पद सांभाळले. पण धर्मपीठाच्या जमिनींच्या व्यवस्थेत कुळांवर होणारा जुलूम आणि रोजचा कारभार यांना कंटाळून त्याने पद सोडले आणि मठात परत गेला. 613 मध्ये वारला.

दुसरा योहान, अलेक्झांड्रियाचा धर्माधिपती, सायप्रस बेटावरचा. बायको आणि मुले मरण पावल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, साधू नसताना थेट एवढ्या मोठ्या पदावर बसवलेला. पद घेताच त्याने कारभाऱ्यांना सांगितले की या शहरातल्या माझ्या सगळ्या मालकांची यादी करा. मालक कोण, हे त्यांना कळेना. तो म्हणाला, ज्यांना तुम्ही भिकारी म्हणता ते. यादीत साडेसात हजारांहून जास्त नावे निघाली आणि त्या सर्वांना रोजचा शिधा सुरू झाला. 619 च्या सुमारास इराणी फौजा आल्या तेव्हा त्याला शहर सोडावे लागले. तो सायप्रसला परतला आणि तिथेच वारला.

या योहानाचे चरित्र लिऑन्टियस नावाच्या दुसऱ्या एका बिशपाने लिहिले. सुरुवातीलाच तो सांगतो की मी साध्या, अलंकार नसलेल्या भाषेत लिहितो आहे, म्हणजे न शिकलेल्या माणसालाही यातून काही घेता येईल. हे वाक्य वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. कारण हेच मी स्मृतिस्थळात वाचले होते, इथून हजारो मैलांवर, सहाशे-सातशे वर्षांनंतरच्या काळात घडलेले.

आता नागदेवांकडे येतो.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, देवगिरीला यादवांचे राज्य असताना, श्रीचक्रधरस्वामी महाराष्ट्रभर पायी फिरत होते. ते मूळचे गुजरातेतल्या भडोचचे, तिथल्या प्रधानाच्या घरातले. रिद्धपूरचे गोविंदप्रभू हे त्यांचे गुरू. आमच्या बाजूला मेहकर आणि लोणार इथे त्यांचा मुक्काम झाल्याच्या लीळा आहेत. त्यांच्याभोवती जी माणसे जमली त्यांत विद्वान होते, पण बायका आणि म्हातारी माणसे फार होती. जातीचा आणि सोवळ्या-ओवळ्याचा विचार त्यांनी बाजूला ठेवला होता. पंथाच्या दृष्टीने चक्रधर हे संत नव्हेत. ते परमेश्वराचा अवतार आहेत. हे ध्यानात घेतले नाही तर पुढचे काहीच कळत नाही.

1274 च्या सुमारास चक्रधर महाराष्ट्रातून गेले. पंथ म्हणतो, ते उत्तरापंथे निघून गेले. त्यांच्यामागे यादवांच्या कारभाऱ्यांचा जो ससेमिरा लागला होता त्याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या वादात मला इथे शिरायचे नाही. मला दिसतात ती मागे राहिलेली माणसे. ज्याला आपण साक्षात देव मानले, ज्याच्याबरोबर जेवलो, चाललो, ज्याची बोलणी खाल्ली, तो एक दिवस नाही. घरदार आधीच सोडलेले. परत जायला जागा नाही. आता करायचे काय?

जाताना स्वामींनी नागदेवांना सांगितले होते की रिद्धपूरला जा, गोविंदप्रभूंची सेवा करा. नागदेवांनी ते ऐकले. सगळ्यांना घेऊन ते रिद्धपूरला आले आणि बारा-चौदा वर्षे तिथे राहिले. गोविंदप्रभू म्हणजे लोकांच्या भाषेत वेडे राउळ. मनात येईल तिकडे जायचे, कोणाच्याही घरात शिरायचे, मिळेल ते खायचे. अशा माणसाची सेवा म्हणजे दिवसभर त्याच्यामागे चालत राहणे. नागदेवांच्या बरोबर असलेल्या महादाइसा या त्यांच्या नात्यातल्या बहीण. याच रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नाचा एक सोहळा मांडला गेला, तेव्हा महादाइसांनी रुक्मिणीविवाहाची गाणी रचली. ते 'धवळे'. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. पण स्मृतिस्थळात त्या कवयित्री कमी आणि प्रश्न विचारून भंडावून सोडणारी बाई जास्त दिसतात. चक्रधरांनाही त्या सोडत नसत, नागदेवांनाही त्यांनी सोडले नाही.

मग 1285 ते 1288 च्या दरम्यान गोविंदप्रभूही गेले. आता दुसऱ्यांदा पोरके होणे. पहिल्या वेळी जाण्यासाठी एक ठिकाण सांगितलेले होते. या वेळी सांगणारे कोणी नव्हते. स्मृतिस्थळातल्या आठवणी मुख्यतः या काळापासूनच्या आहेत, सुमारे अडीचशे. अॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी 1992 साली या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, त्याला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ होतो 'देवाच्या अनुपस्थितीत'. इतके नेमके नाव मला सुचले नसते.

नागदेव हे त्या काळात पंथाचे आचार्य झाले. गादीवर बसवण्याचा समारंभ, छत्र, शिक्का असे काही नाही. आमच्या शेजारचे कारंजा हे जैन भट्टारकांचे जुने पीठ. त्यांच्याकडे गादी होती, शिष्यपरंपरेच्या पट्टावल्या होत्या, पोथ्यांचे भांडार होते. पदाचा थाट पाहिला तर बायझंटाईन बिशपाच्या जवळ भट्टारकच जातील. पण पट्टावलीत माणूस सापडत नाही; एकामागून एक नावे आणि त्यांची स्तुती सापडते. नागदेवांकडे थाट नव्हता, पण त्यांच्याविषयीच्या आठवणी अशा आहेत की माणूस समोर येऊन बसतो.

आणि तो माणूस देव नाही. हे मला फार मोलाचे वाटते. चक्रधर त्यांना 'वानरेया' म्हणून हाक मारीत. लाडाने, आणि थोडे त्यांच्या स्वभावाकडे पाहूनही असावे. बायझंटाईन संतचरित्रात संत आजारी माणसे बरी करतो, भुते काढतो, टोळधाड परतवतो. थिओडोरच्या चरित्रात तर पानोपानी हेच आहे. स्मृतिस्थळात नागदेवांचे चमत्कार शोधायला गेलो तर हाताला फारसे काही लागत नाही. त्यांच्याकडे जी कामे दिसतात ती वेगळीच. कोणाला भिक्षेला कोणत्या गावी पाठवायचे. कोण एकट्याने फिरू शकतो, कोण म्हातारे झाले म्हणून कोणाच्या सोबतीने राहावे. कोणाचे कोणाशी बिनसले आहे. नवीन आलेल्या पंडिताचा ताठा कसा उतरवायचा. स्वामींनी एक गोष्ट अमुक वेळी केली होती, ती आता आपण करायची की नाही. 'वरून लक्ष ठेवणारा' या शब्दाला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

त्यांची दोन कामे मात्र आपल्या सगळ्यांच्या वाट्याला आली. एक आठवणी जमवण्याचे, दुसरे भाषेचे.

पहिले काम रिद्धपुरातच, गोविंदप्रभूंच्या हयातीत झाले. म्हाइंभट सराळ्याचे, घरचे श्रीमंत, शास्त्र शिकलेले. वाद घालायला आले आणि राहून गेले. स्वामी गेल्यावर नागदेव सारखे त्यांच्याच आठवणीत असत. म्हाइंभटांनी त्या आठवणी लिहून घ्यायचे ठरवले. रिद्धपूरच्या वाजेश्वरीत बसून नागदेव सांगत गेले आणि म्हाइंभट लिहीत गेले. पण तेवढ्यावर दोघेही थांबले नाहीत. ज्याच्यापुढे ती गोष्ट घडली त्याला विचारायचे, त्याच्या तोंडून ऐकायचे, मग लिहायचे. असे 'लीळाचरित्र' झाले, मराठीतले पहिले गद्य चरित्र.

यात एक बारकावा आहे, तो मला आजींमुळे कळला. लीळाचरित्राच्या पोथ्यांत मधूनच 'वासना' असा शब्द येतो. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा आपल्या नेहमीच्या अर्थाने घेतला आणि गोंधळलो. आजींना विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, "एकाले असं आठवते, दुसऱ्याले तसं. तं दुसऱ्याचंही लिहून ठेवलं." वासना म्हणजे त्याच प्रसंगाची दुसऱ्या कोणाची आठवण, पाठभेद. आणि मागाहून मिळालेल्या अधिक माहितीला 'शोध' म्हणतात. देवाच्या चरित्रात दोन आठवणी जुळत नाहीत, तेव्हा एक खोडून टाकण्याऐवजी दोन्ही ठेवायच्या, ही पद्धत या लोकांनी सातशे वर्षांपूर्वी पाळली. आजही एखाद्या गावचा इतिहास लिहिताना आपण एवढा संयम ठेवत नाही. आमच्याच भागातल्या एका देवस्थानाची माहितीपुस्तिका छापायची होती, तेव्हा मी दोन वेगवेगळ्या आख्यायिका दिल्या, तर एकच ठेवा, लोक गोंधळतात, असे मला ऐकवले गेले. मी एक काढली. त्याचा अजून पश्चात्ताप होतो.

दुसरे काम भाषेचे. केशिराजबास, ज्यांना केशोबास म्हणतात, हे संस्कृतचे गाढे विद्वान. चक्रधरांची वचने निवडून, जुळवून 'सूत्रपाठ' सिद्ध केला तो त्यांनीच. त्यांनी संस्कृतात 'रत्नमाला' स्तोत्रही रचले. पुढे आणखी काही संस्कृतात आणावे असे त्यांच्या मनात आले, तेव्हा नागदेवांनी त्यांना अडवले. स्मृतिस्थळातला हा प्रसंग मराठी भाषा दिनाच्या भाषणांत नेहमी येतो. येतो तो असा, की नागदेवांना मराठीचा अभिमान होता. मला हे पटत नाही. भाषेचा अभिमान म्हणून म्हणावे तर ज्या स्वामींच्या शब्दासाठी हे चालले होते ते स्वामी मुळात गुजराती घरातले. मराठी त्यांनी इथे येऊन, इथल्या माणसांसाठी घेतलेली भाषा होती.

नागदेवांनी दिलेले कारण पाहिले पाहिजे. ते म्हणाले की असे केलेत तर माझ्या स्वामींचा जो सामान्य परिवार आहे तो नागवला जाईल. त्यांना समजणार नाही, असे म्हणून ते थांबू शकले असते. पण त्यांनी क्रियापद वापरले 'नागवणे'. लुटणे, अंगावरचे काढून घेणे. आमच्या वऱ्हाडात सावकाराने किंवा व्यापाऱ्याने नागवले असे आजही म्हणतात. जे एकदा त्या म्हाताऱ्या बायांच्या हातात आले आहे, ते संस्कृतात नेणे म्हणजे त्यांच्या हातून काढून घेणे. हा मालकीचा प्रश्न आहे. योहानाने भिकाऱ्यांना मालक म्हटले, त्याच्या शेजारी मी हा प्रसंग ठेवतो.

आणखी एकदा केशोबास आणि पंडित, म्हणजे दामोदर पंडित, यांनी नागदेवांना संस्कृतात काही विचारले. त्यावर, तुमची ती भाषा मला समजत नाही, स्वामींनी मला मराठीत सांगितले आहे, त्यातच विचारा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. नागदेवांना खरेच संस्कृत येत नव्हते का? भट कुळात जन्मलेल्या माणसाला चार शब्दही कळत नसतील हे मला संभवत नाही. माझा अंदाज असा की 'समजत नाही' हा त्यांनी मुद्दाम धरलेला पवित्रा होता. आचार्यालाच समजत नाही म्हटल्यावर, ज्यांना खरोखर समजत नाही त्यांना खाली मान घालावी लागत नाही. मी हे जरा स्वतःच्या अनुभवावरून बोलतो. एका चर्चासत्रात मी निबंध वाचला तेव्हा, मूळ संशोधनपद्धतीची परिभाषा आपल्याला अवगत आहे का, असे एका श्रोत्याने इंग्रजीत विचारले. प्रश्न मला समजला होता. तरी मी चुकून हो म्हणालो, आणि पुढचे पंधरा मिनिटे इंग्रजीतच गेली. सभागृहातल्या शेवटच्या दोन रांगांत बसलेली माझ्या ओळखीची माणसे हळूहळू उठून चहाला गेली. नागदेव असते तर 'समजत नाही' म्हणाले असते.

लिऑन्टियसच्या बाबतीत पुढे काय झाले तेही पाहू. दहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारातला सिमिऑन नावाचा मोठा अधिकारी पुढे आला. त्याने संतांची सुमारे दीडशे चरित्रे गोळा केली, त्यांतली बरीचशी साध्या ग्रीकमधून काढून शिष्टांच्या अलंकृत ग्रीकमध्ये पुन्हा लिहिली गेली. या कामामुळे त्याचे नावच 'रूपांतरकार' असे पडले. नव्या प्रती सुंदर, दरबारात आणि मठात वाचायला शोभणाऱ्या. मग लेखनिक त्याच नकलू लागले, आणि जुन्या साध्या चरित्रांपैकी कित्येक नकलणारे कोणी न उरल्याने नाहीशी झाली. केशोबासांना होकार मिळाला असता तर आपल्याकडे याहून वेगळे घडले असते, असे मानायला मला आधार दिसत नाही. केशोबास वाईट नव्हते; सिमिऑनही नव्हता. दोघांनाही आपल्या देवाची, आपल्या संतांची गोष्ट चांगल्या कपड्यात पाहायची होती.

नागदेवांभोवतीच्या माणसांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आचार्याचे चरित्र शेवटी त्याच्या माणसांतच दिसते. नरेंद्र कवी रामदेवराय यादवाच्या दरबारातले. त्यांचे 'रुक्मिणीस्वयंवर' ऐकून राजाने एका ओवीला एक सोन्याचे नाणे देऊ केले. अट अशी की ग्रंथावर कर्ता म्हणून माझे नाव घाला. नरेंद्रांनी नाकारले. राजाकडे ग्रंथ राहिला. नरेंद्रांना आणि त्यांच्या भावांना जेवढे नेता आले तेवढ्या, नऊशेच्या आसपास ओव्या घेऊन ते नागदेवांकडे आले. पूर्ण ग्रंथ आजही नाही, तेवढ्याच ओव्या आहेत. दामोदर पंडित 'वच्छाहरण' लिहिणारे आणि गाणारे. त्यांच्या पत्नी हिराइसा या एकपाठी, एकदा ऐकलेले विसरत नसत. भास्करभट बोरीकर 'शिशुपाळवध' लिहिणारे. पुढे तेच कवीश्वरबास या नावाने आचार्य झाले. म्हणजे ज्याने संस्कृत नको म्हटले त्याच्याभोवती त्या काळातले मराठीतले सर्वांत चांगले लिहिणारे जमले होते. हा योगायोग म्हणायला मन घेत नाही.

1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली, तेव्हा नागदेव हयात होते. 1302 च्या सुमारास ते गेले. पंथाची धुरा आधी बाइदेवबासांकडे आणि मग कवीश्वरबासांकडे आली. पुढच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत लुटीत गेली, असे पंथाची परंपरा सांगते. योहानाचे शहर गेले तसे यांचे पुस्तक गेले. मग ज्यांना जेवढे पाठ होते त्यांच्याकडून ते पुन्हा उभे केले गेले. त्यांत एक पाठ हिराइसांच्या नावाचा आहे. नागदेवांनी ज्या बायांच्या बाजूने केशोबासांना अडवले होते, त्यांच्यातल्याच एकीच्या स्मरणातून ग्रंथ परत आला.

यानंतरचा इतिहास थोडा उलटा आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच पंथाने आपले ग्रंथ सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. बाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून. छळाचा आणि विटंबनेचा अनुभव असलेल्या लोकांनी असे करावे याला मी दोष देत नाही. पण त्यामुळे मराठीतले पहिले गद्य चरित्र मराठी लोकांना पाचशे-साडेपाचशे वर्षे माहीतच नव्हते. विसाव्या शतकात राजवाडे, भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, आणि आमच्या वऱ्हाडातल्या नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते यांनी, आणि ज्यांनी विश्वासाने पोथ्या दाखवल्या त्या महंतांनी, हे दार उघडले. स्मृतिस्थळ वा. ना. देशपांडे यांनी 1939 साली संपादून छापले. आजींच्या पिशवीतले पुस्तक अशाच छपाईच्या वंशातले.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. शेलूबाजारहून निघालो की कारंजा, अमरावती करून तिथे पोहोचायला निम्मा दिवस जातो. मागच्या खेपेला वाजेश्वरीत गेलो. दोन बाया ओट्यावर डोके टेकवत होत्या, एक साधू कोपऱ्यात पाठ करत बसले होते. मला पाहून ते "दंडवत प्रणाम" म्हणाले, मीही म्हणालो. म्हाइंभट नेमके कुठे बसत, असे मी विचारले नाही.

आजी जाऊन आता चार वर्षे झाली. यंदा पोळ्यानंतर त्यांचा मुलगा दुकानात आला. मी मोठ्या अक्षरात काढून दिलेली तीच प्रत घेऊन. शाई विटून गेली होती, पाने चिकटली होती. नातीला वाचायला नवी प्रत हवी होती. मी पाने सुटी करू लागलो तर कडेला जागोजागी बॉलपेनने लिहिलेले दिसले. 'आई म्हणते', आणि पुढे एखादा शब्द, कुठे अख्खी ओळ, छापलेल्यापेक्षा वेगळी. असे मोजून अकरा ठिकाणी. "वाचताना ती थांबवे अन् लिहायला लावे," मुलगा म्हणाला.

मी विचारले, प्रत काढताना हे झाकू का? पट्टी लावली तर कोरे येईल.

"नाही," तो म्हणाला, "राहू द्या तसंच."

मी मशीनची शाई थोडी गडद केली, म्हणजे बॉलपेनचे अक्षर उठावे, आणि पहिले पान काचेवर ठेवले.